साखळी हवी तेवढीच लांब!



दिवाळी सरली की कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत गुऱ्हाळे धडधडू लागतात. पंचगंगेच्या काठाने संध्याकाळी जाऊ लागलात, तर उकळत्या रसाचा गोड वास दुरूनच खूण सांगतो. आत भल्यामोठ्या काहिलीत रस रटरटत असतो. खाली चुलाणात चिपाडे सारली जात असतात. भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणली जाते आणि झाऱ्याने काढून टाकली जाते. या सगळ्या धावपळीत एक माणूस मात्र काहिलीवरची नजर हलू देत नाही. तो म्हणजे गुळव्या. रसाचा फेस कसा फुटतो, तार कशी येते हे तो पाहतो. थोडासा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपतो आणि एका क्षणी ओरडतो, "उतरवा!"

हा क्षण चुकला तर काय होते? काहील सुमारे 105 अंश सेल्सिअसला उतरवली तर हाती लागते ती पातळ काकवी. तीच 118 अंशांच्या आसपास उतरवली तर घट्ट, ढेप बांधता येणारा गूळ. त्याहून पुढे गेली तर करपट, काळपट माल. रस तोच, ऊस तोच, काहील तीच. फरक फक्त दहा-पंधरा अंशांचा आणि थोड्या मिनिटांचा! रसायनशास्त्रात यालाच आपण 'परिस्थिती' म्हणतो. तापमान, वेळ, प्रमाण आणि शुद्धता या चार गोष्टी बदलल्या की त्याच द्रव्यांतून वेगळाच पदार्थ जन्माला येतो.

आज आपण अशाच एका काहिलीत डोकावणार आहोत. मात्र तीत उसाचा रस नाही, स्टायरीन आहे. आणि तयार होणार आहे ती गुळाची ढेप नव्हे, तर रेणूंची साखळी.

थर्मोकोलच्या पोटात काय आहे?

तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना विचारा. काही वर्षांपूर्वी गणपतीचे मखर म्हटले की थर्मोकोल, हे ठरलेलेच असे. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये थर्मोकोलची ताटे, पेले आणि सजावटीच्या वस्तू यांवर बंदी घातली आणि मखरे पुन्हा कापडाची, कागदाची, पुठ्ठ्याची होऊ लागली. तरीही नवा दूरदर्शन संच घरी आला, की खोक्यात तो पांढरा, हलका तुकडा भेटतोच.

हा तुकडा म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याच्या इवल्याशा मण्यांत पेंटेन नावाचे द्रव्य मुरवलेले असते. मण्यांना वाफ दिली की पेंटेनचा वायू होतो आणि मणी लाह्यांसारखे फुलतात. फुललेल्या थर्मोकोलमध्ये सुमारे 98 टक्के हवाच असते! न फुलवलेले पॉलिस्टायरीन टणक आणि काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या पट्ट्या, पेनांच्या नळ्या, दह्याचे पेले बनतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ 1995 पासून पॉलिस्टायरीन तयार होत आहे.

पॉलिस्टायरीन बनते स्टायरीनपासून. स्टायरीन हा पाण्यासारखा रंगहीन, उग्र गोडसर वासाचा द्रव आहे. तो 145 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या रेणूत कार्बनचे 8 आणि हायड्रोजनचे 8 अणू असतात. म्हणून त्याचा रेणुभार 104. या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये एक दुहेरी बंध असतो. सारी गंमत या दुहेरी बंधात आहे. तो उघडला की रेणूला जणू दोन हात फुटतात आणि एकाचा हात दुसऱ्याने, दुसऱ्याचा तिसऱ्याने धरून साखळी तयार होते. एकट्या रेणूला 'एकवारिक' म्हणतात आणि साखळीला 'बहुवारिक'.

बर्लिनच्या औषधविक्याचे कोडे

1839 साली बर्लिनमधील एडुआर्ड सिमॉन या औषधविक्याने स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी राळेचे ऊर्ध्वपातन केले. त्याला एक तेलासारखा द्रव मिळाला. काही काळाने पाहतो तो काय, द्रव घट्ट होऊन मुरंब्यासारखा झालेला! हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला असावा, असे सिमॉनला वाटले. पण 1845 साली ब्लिथ आणि हॉफमन यांनी पृथक्करण करून दाखवले, की घट्ट पदार्थात नवे काहीच मिसळलेले नाही. द्रव आणि घन या दोहोंचे घटक अगदी एकसारखे आहेत.

मग घट्ट कशामुळे झाले? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला 1920 साल उजाडले. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर याने सांगितले, की लहान रेणू खऱ्याखुऱ्या रासायनिक बंधांनी जोडले जाऊन प्रचंड लांब साखळ्या बनतात. त्या काळी अनेक नामवंतांनी त्याची टर उडवली. 1953 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी कशी वाढते?

साखळी सुरू करायला एक 'आरंभक' लागतो. तापवल्यावर त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा तुकड्याला 'मुक्त मूलक' म्हणतात. इलेक्ट्रॉनला जोडी हवी असते, म्हणून मूलक फार उतावळा. तो समोर आलेल्या स्टायरीनचा दुहेरी बंध उघडतो आणि त्याला चिकटतो. पण एकटेपण संपत नाही. ते साखळीच्या नव्या टोकाकडे सरकते. ते टोक पुढचा रेणू पकडते, मग त्याच्या पुढचा.

हे कुठवर चालते? अशीच दुसरी वाढती साखळी भेटेपर्यंत. दोन एकटे इलेक्ट्रॉन भेटले की त्यांची जोडी जमते आणि दोन्ही साखळ्या कायमच्या थांबतात. जन्म, हजारभर रेणूंची जोडणी आणि मृत्यू हे सारे साधारण एखाद्या सेकंदात उरकते. दरम्यान आरंभकाचे नवे तुकडे होतच असतात आणि नव्या साखळ्या सुरू होतच असतात. कोणी लवकर मरते, कोणी उशिरा. परिणामी काही साखळ्या आखूड, काही लांबच लांब.

अंबाबाईच्या देवळाबाहेर हार गुंफणाऱ्यांची कल्पना करा. एक गुंफणारा धडाधड फुले ओवतो, मधेच गाठ मारतो आणि निघून जातो. मग दुसरा येतो, तो चारच फुले ओवून गाठ मारतो. दिवसअखेर टोपलीत सगळ्या मापांचे हार पडलेले!

आता थोडे गणित करू. एका टोपलीत 10 फुलांचा एक आणि 190 फुलांचा एक असे दोन हार आहेत. दुसऱ्या टोपलीत 95 आणि 105 फुलांचे. दोन्हीकडे सरासरी 100 च. पण फरक तर उघड दिसतो. तो मोजण्यासाठी रसायनज्ञ दुसरी एक सरासरी काढतात. प्रत्येक हाराच्या फुलांच्या संख्येचा वर्ग करून बेरीज करायची आणि तिला एकूण फुलांनी भागायचे. पहिल्या टोपलीत 100 अधिक 36,100 म्हणजे 36,200. भागिले 200 बरोबर 181. या 181 ला साध्या सरासरीने, म्हणजे 100 ने भागले की येतात 1.81. दुसऱ्या टोपलीत हाच अंक येतो जेमतेम 1.0025. (करून पाहा!) सगळे हार अगदी सारखे असतील तर हा अंक बरोबर 1 येतो. याला आपण 'असमानतेचा अंक' म्हणू. साध्या मूलक पद्धतीने केलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये तो दीड ते दोन, कधी त्याहूनही जास्त असतो.

दही-पेल्यासाठी हे चालून जाते. पण शरीरात औषध वाहून नेणारा अतिसूक्ष्म गोळा बनवायचा असेल, किंवा अर्धी साखळी एका एकवारिकाची आणि अर्धी दुसऱ्याची हवी असेल, तर असा गोंधळ चालत नाही. तिथे साखळी हवी तेवढीच लांब लागते, आणि तिचे टोक जिवंत लागते.

झोपवून ठेवायची युक्ती

मूलकांचा उतावळेपणा आवरायचा कसा? युक्ती अशी: सगळ्या साखळ्यांनी एकदमच सुरुवात करायची, पण बहुतेकींनी बहुतेक वेळ झोपून राहायचे! प्रत्येक साखळीच्या टोकावर एक टोपी घालायची. टोपी निघाली की साखळी जागी होते, थोडेसे रेणू जोडते, पुन्हा टोपी बसते आणि ती झोपते. कोणत्याही क्षणी लाखात एखादीच साखळी जागी असते. त्यामुळे दोन जाग्या साखळ्यांची गाठ पडणे फार दुर्मिळ होते. आळीपाळीने सगळ्यांनाच संधी मिळते आणि सगळ्या जवळजवळ सारख्याच लांबीच्या होतात. मूलकांचे हे 'नियंत्रित बहुवारिकीकरण'.

ऑस्ट्रेलियातील सॉलोमन, रिझार्डो आणि कॅचिओली यांच्या अशा टोपीला 1986 साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. 1993 साली कॅनडातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात जॉर्जेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्टायरीनवर ती झकास चालवून दाखवली. त्यांनी वापरलेल्या द्रव्याचे नाव 'टेंपो'. हा टेंपो मालवाहतुकीचा नव्हे बरे का! हे तांबूस-नारिंगी स्फटिकांचे द्रव्य आहे. त्याच्या रेणूतही नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोडीवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. पण हा मूलक शांत स्वभावाचा. तो आपल्या भाईबंदांशी जोडी जमवत नाही आणि स्वतः साखळीही सुरू करत नाही. वाढत्या साखळीच्या टोकाला मात्र चटकन धरतो आणि तापवल्यावर सोडतो. झेरॉक्सच्या प्रयोगांत असमानतेचा अंक 1.3 च्या खाली आला.

पुढे 1995 साली अमेरिकेत माट्याशेव्हस्की आणि जपानमध्ये सावामोतो यांनी, धातूच्या संयुगांच्या मदतीने हॅलोजनचा अणू टोपीसारखा काढण्या-घालण्याची पद्धत सांगितली. माट्याशेव्हस्कीने तांबे वापरले, सावामोतोने रुथेनियम. 1998 साली ऑस्ट्रेलियातूनच गंधकाची संयुगे वापरणारी तिसरी पद्धत आली.

आता गुळव्याचे काम सुरू

टोपी मिळाली म्हणजे सारे झाले असे नाही. इथे गुळव्याची नजर लागते. एकेक गोष्ट पाहू.

पहिली गोष्ट, तापमान. टेंपोची टोपी 80-90 अंशांवर घट्ट बसून राहते; साखळ्या झोपलेल्याच. 120 ते 130 अंशांवर ती पुरेशी उघडझाप करू लागते. मग आणखी तापवले तर काम लवकर होईल, असे तुम्ही म्हणाल. पण स्टायरीनला एक खोड आहे. तापवले की ते आरंभक नसतानाही आपल्या आपण साखळ्या सुरू करते. अशा उशिरा जन्मलेल्या साखळ्या आखूड राहतात आणि टोपल्यांत पुन्हा गोंधळ. कमी तापवले तर काम होत नाही, जास्त तापवले तर बिघडते. काकवी आणि करपट गूळ यांच्यामधली अरुंद वाटच ही!

आरंभकावरही तापमानाचा मोठा परिणाम होतो. गंधकाच्या पद्धतीत अनेकदा वापरला जाणारा एआयबीएन हा आरंभक निम्मा फुटायला 60 अंशांवर सुमारे 20 तास लागतात. 80 अंशांवर तेच काम दीड तासात होते. केवळ 20 अंशांनी एवढा फरक!

दुसरी गोष्ट, प्रमाण. सगळ्या साखळ्या एकदम सुरू होत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला किती रेणू येतील हे साध्या भागाकाराने सांगता येते. स्टायरीनचे 200 रेणू आणि साखळी सुरू करणारा एक, असे प्रमाण घेतले आणि निम्मे स्टायरीन वापरले गेले, तर साखळीत 100 रेणू. तिचा रेणुभार 100 गुणिले 104, म्हणजे सुमारे 10,400. आधी गणित करायचे आणि मग साखळी बनवायची! टोपीचे प्रमाणही महत्त्वाचे. टेंपो फार घातला तर सगळेच झोपतात. फार कमी घातला तर बेशिस्त माजते.

तिसरी गोष्ट, शुद्धता. गुळव्या मळी काढतो, तसेच इथेही करावे लागते. हवेतील ऑक्सिजन मूलकाला चिकटून त्याची वाढ अडवतो. म्हणून नळीतील हवा काढून टाकतात आणि नायट्रोजन किंवा अर्गॉन भरतात. विकत मिळणाऱ्या स्टायरीनमध्ये ते वाटेतच घट्ट होऊ नये म्हणून दहा लाख भागांत 10 ते 15 भाग निरोधक मिसळलेला असतो. तोही बहुधा ॲल्युमिनाच्या थरातून गाळून काढतात.

चौथी गोष्ट, वेळ. काम पुढे सरकते तसतसे स्टायरीन कमी होते आणि मिश्रण पाकासारखे दाट होते. जाग्या झालेल्या साखळीला जोडायला रेणू लवकर सापडत नाही. तोवर दुसरी जागी साखळी भेटून दोघीही मरण्याचा धोका वाढतो. म्हणून सगळे स्टायरीन संपेपर्यंत थांबण्याचा मोह आवरावा लागतो आणि योग्य वेळी "उतरवा!" म्हणावे लागते. नळी थंड केली की साखळ्या टोप्या घालून झोपी जातात. पुन्हा तापवून दुसरे एकवारिक घातले की त्याच साखळ्या पुढे वाढतात. अर्धा हार झेंडूचा, अर्धा शेवंतीचा!

परिस्थिती हाताबाहेर गेली तर?

हा सारा प्रयोगशाळेतला नाजूक खेळ आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने एक हिशेब करून पाहावा. स्टायरीनच्या साखळ्या होताना उष्णता बाहेर पडते; दर 104 ग्रॅममागे सुमारे 70 किलोज्यूल. म्हणजे 1 किलोग्रॅमला सुमारे 670 किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत 2 लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता बाहेर काढली नाही तर तापमान वाढते. तापमान वाढले की साखळ्या अधिक वेगाने होतात. त्यामुळे आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुटले की थांबवणे कठीण.

7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यात नेमके हेच घडले. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता आणि मोठ्या टाकीत स्टायरीन साठवलेले होते. टाकीच्या आत तापमान वाढत गेले, निरोधक अपुरा पडला, स्टायरीन आपोआप साखळ्या करू लागले आणि त्या उष्णतेने त्याची वाफ बाहेर पडली. झोपेतल्या गावावर ती पसरली. 12 माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. साठवणीत वापरला जाणारा निरोधक काम करायला स्टायरीनमध्ये थोडा ऑक्सिजन विरघळलेला असावा लागतो! म्हणजे नळीत जो ऑक्सिजन शत्रू, तोच टाकीत मित्र. द्रव्य चांगले की वाईट हे परिस्थितीवाचून ठरत नाही. तापमान मोजणे, निरोधक तपासणे आणि टाकी थंड ठेवणे ही कामे कंटाळवाणी वाटतात. पण त्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

वर्गात करून पाहा

स्टायरीन शाळेत किंवा घरी हाताळायचे नाही, आणि थर्मोकोल जाळायचेही नाही. त्याचा धूर घातक असतो. पण साखळ्यांचा खेळ मण्यांनी खेळता येतो.

खेळ पहिला. एका मुलाने दोरा घ्यावा आणि फासा टाकावा. 1 ते 5 पडले तर एक मणी ओवायचा. 6 पडले तर गाठ मारून दोरा बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. असे 10 दोरे पूर्ण करा.

खेळ दुसरा. 10 मुलांनी एकेक दोरा घ्यावा. त्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. चिठ्ठी काढा, ज्याचा क्रमांक येईल त्याने एक मणी ओवावा आणि 'झोपावे'. चिठ्ठी पुन्हा डब्यात टाका. अशा 50 चिठ्ठ्या काढा.

दोन्ही खेळांतील मणी मोजून असमानतेचा अंक काढा आणि तुलना करा. मग दुसऱ्या खेळाच्या डब्यात 'ऑक्सिजन' असे लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या घाला. ती चिठ्ठी निघाली की पुढच्या क्रमांकाच्या मुलाने कायमची गाठ मारायची. अंक किती बिघडतो ते पाहा. परिस्थिती बदलली म्हणजे काय होते हे तुमच्या हातानेच कळेल.

आणखी एक गंमत: संत्र्याची साल दाबून तिच्यातला तेलकट फवारा थर्मोकोलच्या तुकड्यावर उडवा. तिथे बारीक खड्डे पडतील. सालीतले तेल पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांना विरघळवते आणि कोंडलेली हवा निसटते. साखळ्या तुटत मात्र नाहीत. म्हणून तर टाकून दिलेला थर्मोकोल वर्षानुवर्षे ओढ्या-नाल्यांत तसाच पडून राहतो.

पुढच्या वेळी गुऱ्हाळावर गेलात की काकवीची वाटी हाती घेण्याआधी थोडे थांबा आणि गुळव्याकडे नीट पाहा. त्याला विचारा, "मामा, उतरवायची वेळ झाली हे तुम्हांला कसे कळते?" त्याने दिलेले उत्तर वहीत टिपून ठेवा आणि शक्य झाल्यास गुरुजींच्या मदतीने पाकाचे तापमानही मोजा. रसायनशास्त्राचा एक चांगला धडा तुम्हांला तिथेच मिळेल.